गोलामागची मेंढरं

"ए पोरी, उठ त्या जाळीवरून! सेनगावकडची टीम गायरानात येऊन उतरली, अन् तू इथं बसून राहिली महाराणीवानी."

आमचा कॅप्टन ओरडत होता. कॅप्टनची पिठाची गिरणी आहे. चालू गिरणीत गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याचा आवाज असा झालाय, की त्यानं कुणाच्या कानात काही सांगितलं तर नरसीला दर्शनाच्या रांगेत उभा असलेला माणूस ओ देतो. त्या दिवशी तर तो मनापासून ओरडत होता. माझ्या बहिणीच्या अंगणातल्या कोंबड्या उडून पत्र्यावर जाऊन बसल्या आणि त्यातली एक, खोटं सांगत नाही, पुढं महिनाभर अंडी घालायचं विसरली.

पोरगी हलली नाही. अंगणाच्या मधोमध गुंडाळून ठेवलेल्या जाळीवर ती मांडी घालून बसली होती. नऊ वर्षांचं लेकरू, हातापायाच्या काड्या, पण बसली होती अशी की जेसीबी आणला असता तरी उचलली गेली नसती. माझी भाची. तिनं कॅप्टनकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि रोजच्या बारीक आवाजात विचारलं, "मेंढरं कोण धरंल?"

या प्रश्नाला गावात कुणाकडं उत्तर नव्हतं. ते का नव्हतं, हे कळायचं तर आधी आमचा फुटबॉल कळायला पाहिजे.

तालुक्यातल्या बाकी गावांत क्रिकेट चालतं, आमच्याकडं फुटबॉल. फार वर्षांपूर्वी शाळेच्या हेडमास्तरांनी व्हॉलीबॉल मागवला होता, वरून फुटबॉल आला. परत करायला कोण जातं, म्हणून खेळून टाकला. हे मी सांगतो तसं. दुसरे लोक दुसरं सांगतात, पण त्यांच्या हातात माईक नाही. माझ्या हातात आहे. एरवी मी सेनगाव-पुसेगाव रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो आणि सामना असला की गायरानातल्या लिंबावर भोंगा बांधून बोलतो. माझ्या जीपमध्ये माणसं किती बसतात ते विचारू नका. माईकवर मी जे सांगतो त्यातलं मैदानात किती घडलेलं असतं, तेही विचारू नका. 

मैदान म्हणजे काळी जमीन. दिवाळी झाली की तिला अशा भेगा पडतात, की एकदा कॉर्नरचा बॉल भेगेत गेला तो संध्याकाळी खालच्या मळ्यातल्या विहिरीत तरंगताना सापडला. फुकटात पाण्याची वाट मोकळी झाली म्हणून मळ्यावाल्यानं त्या बॉलपुढं नारळ फोडला. अशा या मैदानावर गोलाचे खांब बांबूचे, आडवा बांबू तारेनं आवळलेला, आणि जाळी होती माझ्या दाजींच्या मेंढरांची.

दाजी म्हणजे बहिणीचे मालक, या पोरीचे बाबा. मेंढरं रात्री कोंडायला खुंट्यांभोवती सुताची लांब जाळी बांधतात, तिला वाघर म्हणतात. दाजी मेंढरं राखायचे आणि आमचे गोलकीपर होते. सामन्याच्या दिवशी वाघर खांद्यावर टाकून यायचे, ती आमच्या गोलाला बांधायचे (जाळी एकच, म्हणून आमच्याकडं हाफटाइमला बाजू बदलत नाहीत), तिच्यापुढं उभं राहायचे, आणि सामना संपला की सोडून पुन्हा खांद्यावर घेऊन घरी. गाव म्हणायचं, या गड्याच्या जाळीतून रात्री कोकरू बाहेर जात नाही आणि दिवसा बॉल आत येत नाही. हे वाक्य माझं आहे, पण गावानंही म्हटलं असतं.

आता जाळी गायरानात गेली म्हणजे अंगणात मेंढरं मोकळी. तेवढा वेळ ती भिंत आणि पत्र्याच्या मधल्या जागेत कोंबायची आणि तोंडावर कुणीतरी काठी घेऊन बसायचं. ते कुणीतरी म्हणजे ही पोरगी. चालता येऊ लागलं तेव्हापासून ते काम तिचं. त्यामुळं तालुक्यातल्या सगळ्यात भारी गोलकीपरची लेक, आणि तिनं आयुष्यात एक सामना पाहिलेला नव्हता. ऐकले मात्र सगळे. गायरान घरापासून हाकेच्या अंतरावर. भोंग्यातून मी ऐकू यायचो, गाव ऐकू यायचं. संध्याकाळी दाजी जाळी घेऊन आले की खुंट्यांना गाठी मारता मारता तिला खरा सामना सांगायचे. मग मी चहाला जायचो आणि माझा सामना सांगायचो. दाजींच्या सामन्यात बॉल अडवलेला असायचा. माझ्या सामन्यात दाजी बॉल अडवून त्याच्यावर बसून विडी ओढायचे, सेनगावचे अकराच्या अकरा गडी पाया पडून बॉल मागायचे. पोरगी खरा सामना गुमान ऐकायची. माझ्या सामन्याला मात्र डोळे मोठे करून म्हणायची, "मग?" मी पुढं रचायचो. "मग?" मी आणखी रचायचो. दाजी गाठी मारत हसायचे. त्या "मग?"वर मी जगलोय. जीपमधल्या माणसांना मी बांधून ठेवतो ते दार बाहेरून उघडत नाही म्हणून. ही पोरगी एकटीच आपखुशीनं बसायची.

दाजींची एक खोड होती. पेनल्टी आली की ते दोन्ही हात पसरायचे आणि जीभ टाळूला लावून आपल्या कळपाला घालायची ती हाक घालायचे. हिर्र्र हाऽऽ हाऽऽ. मारणारा गडी जागेवर लटपटायचा. एकानं तर ती हाक ऐकून बॉल सोडून रेफ्रीला लाथ घातली. यातला रेफ्री मी घातलाय, पण लटपटायचे ते खरं.

मागच्या भादव्यात दाजी गेले. परतीचा पाऊस होता, ते माळावर मेंढरं घेऊन होते, वीज पडली.

मी पुसेगावहून येत होतो. फाट्यावर एकानं जीपला हात करून सांगितलं. मी माणसं तिथंच उतरवली. ती रागानं काही बोलत होती, मला फक्त त्यांची तोंडं दिसली. घरी पोचलो तर बहीण रानात गेलेली, तिला आणायला दुसरं कुणी गेलं होतं. पोरगी एकटी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मामा एवढ्या घाईनं आला, धापा टाकतोय, डोळे वटारलेत, म्हणजे आज मोठी गोष्ट आहे, असं तिला वाटलं असणार. हातातली शेंग तशीच धरून तिनं वर पाहिलं.

मी म्हणालो, "माय, माळावर वीज पडली. बाबांवर पडली."

तिचे डोळे चमकले. "मग? बाबांनी धरली?"

माझ्याकडं त्याला शंभर उत्तरं होती. तुम्हाला पटणार नाही, त्या क्षणीसुद्धा ती सगळी माझ्या तोंडात येऊन उभी राहिली. डाव्या हातानं धरली, छातीशी घेतली, पायानं लांब हिंगोलीच्या पार टोलवली, आणि आता येऊन राहिलेत, हात थोडा काळा झालाय एवढंच. माझ्यासारख्या माणसाला अशा जागी थांबता येत नाही. मी थांबलो. मी थांबलो, त्यावरून तिला कळलं.

शेंग तिनं टोपल्यात ठेवली. फोडलेल्यांत नाही, न फोडलेल्यांत ठेवली.

त्यानंतर तिनं मला "मग?" म्हटलं नाही. मी गोष्टी सांगायचं सोडलं नव्हतं, उलट वाढवलं होतं. जीपमध्ये गाढव बसवून सेनगावला नेलं आणि त्यानंच वाटेत तिकिटं फाडली, असलं काहीही सांगायचो. ती शेवटपर्यंत ऐकायची, संपलं की उठून मेंढरांना पाणी दाखवायला जायची. शाळा आणि मेंढरं, मेंढरं आणि शाळा. गल्लीतल्या पोरी आधी हाक मारायच्या, मग दारावरून नुसत्या डोकवायच्या, मग तेही बंद झालं. निम्मी मेंढरं बहिणीनं भावकीत देऊन टाकली. राहिलेल्या वीस-पंचवीसांत ही पोरगी अशी मिसळून गेली, की अंधार पडायला लागला म्हणजे तिला शोधावी लागायची.

एक दिवस बहीण मला म्हणाली, "साऱ्या दुनियेला तू बोलतं करतूस दादा. हिला काहून करता येत न्हाई तुला?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. ती विचारत होती. मीही मनात गाठ मारली. सामन्याच्या दिवशी सगळं गाव गायरानात असतं. म्हातारी माणसं खाटेसकट येतात, बाया डबे घेऊन येतात, गल्लीतल्या सगळ्या पोरी त्या लिंबाखाली असतात. त्या दिवशी ही एकटी अंगणात. हिला एकदा त्या गर्दीत आणून बसवली, एकदा हिनं आपल्या टीमच्या नावानं बोंब मारली, की पुढचं पुढं. मनात म्हटलं, बोंब मारणाऱ्या माणसाला गाव एकटं सोडत नाही. मला कुठं सोडलंय.

पण तिला टीमची गोडी लावायची म्हणजे मी जे जे केलं ते ऐका. दाजींची एक नंबरची जर्सी धुऊन आणली. तिनं घडी घालून पेटीत ठेवली. शिटी आणून दिली, ती मेंढीच्या गळ्यात बांधली. नव्या गोलकीपरची तिला ओळख करून दिली. हा कॅप्टनचा पुतण्या, हिंगोलीला कॉलेजात जातो, हातमोजे घालून खेळतो आणि गोल झाला की आधी केसांवरून हात फिरवतो. एका संध्याकाळी तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून प्रॅक्टिस बघायला नेलं. एवढा मान मी सरपंचांना देत नाही. तिनं एकदा गोलाकडं पाहिलं. तिथं, बाबांच्या जागी, तो पोरगा उभा होता. मग ती मान वळवून जीपचा स्पीडोमीटर बघत बसली. तो जीप घेतल्यापासून बंद आहे.

"चला घरी," म्हणाली. "मेंढरं हायेत."

मी म्हणालो, तू आली न्हाईस तर आपली टीम हरंल बग.

"हरू दे. तुमची टीम हाय."

असं तर असं. आणि एवढं सगळं करून शेवटी तिच्याकडं तो एक हुकमी पत्ता होताच: मेंढरं कोण धरंल? दाजी गेल्यावरचा पहिला सामना आला, कॅप्टन जाळी मागायला आला, तर ती जाळीवरच बसली. जाळी द्यायची नाही असं ती म्हणत नव्हती. मी जाणार नाही, मला इथंच मेंढरांपाशी बसू द्या, असं ती साऱ्या गावादेखत म्हणत होती.

कॅप्टन पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात माझं उघडलं. मी म्हणालो, "मेंढरंबी नेऊ."

कॅप्टन म्हणाला, "काय?" आणि हे त्यानं इतक्या हळू म्हटलं की आम्हा सगळ्यांना त्याच्या तब्येतीची काळजी वाटली.

मी समजावून दिलं. वाघर लांब आहे. अर्धी गोलावर चढवू, उरलेली अर्धी मागं खुंट्या ठोकून वळवू, मेंढरं त्यात कोंडू. जाळी एकच, पुढं गोल, मागं कोंडवाडा. पोरगी मागं बसंल, राखंल. मेंढराचं काम मेंढराच्या जागी, सामन्याचं सामन्याच्या जागी. पोरीनं यातून निसटायला वाट शोधली. मला दिसलं, तिचे डोळे अंगणभर फिरले. वाट नव्हती. तिनं दाराकडं पाहिलं. दारात बहीण उभी होती. बहीण म्हणाली, "जा माय." तेव्हा ती उठली.

अशी ती वरात निघाली. पुढं कॅप्टन खांद्यावर वाघर घेऊन, मागं मेंढरं, मेंढरांमागं काठी घेतलेली पोरगी, सगळ्यात मागं पहिल्या गिअरमध्ये मी. गायरानात लोकांनी वाट करून दिली. रेफ्री हिंगोली शहरातले एक सर होते. ते गोलाभोवती एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "ये गोल है या गोठा?" मी म्हटलं, दोन्ही है साहेब, बराबर रेषेच्या मागं है. सेनगाववाले म्हणाले, यांच्याकडं अकरा गडी पुढं अन् पंचवीस मागं, हे चालणार नाही. मी माईकवरून जाहीर केलं की पाहुण्यांना आमची मेंढरं जड जाणार असं दिसतंय. मग त्यांना इज्जतीखातर गप्प बसावं लागलं.

सामना सुरू झाला. मी बोलत होतो मैदानाकडं बघून आणि बघत होतो गोलामागं. पोरगी गुडघ्याभोवती हात घालून मेंढरांत बसली होती. तोंड मैदानाकडं नाही, मेंढरांकडं. मग एक बॉल गोलावरून मागं आला, थेट कोंडवाड्यात. मेंढरं बिथरली. तिला उठावं लागलं. बॉल हातानं उचलून तिनं जाळीवरून बाहेर टाकला. मी लगेच ओरडलो, काय फेक आहे मंडळी, असा थ्रो हिंगोली जिल्ह्यानं पाहिलेला नाही. तिनं लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं दुसरा बॉल गेला. या वेळी तिनं उचलला नाही. इकडंतिकडं पाहिलं, चप्पल काढली आणि पायानं टोलवला. बॉल जाळीवरून उंच येऊन नव्या गोलकीपरच्या हातात बसला.

आणि हे खोटं सांगत नाही: मी बोलायचं विसरलो. हा पाय मला माहीत होता. दाजी रोज संध्याकाळी वाघरीपुढं उभं राहायचे आणि ही लोकरीचं गाठोडं करून त्यांच्यावर मारायची. साऱ्या तालुक्यानं मिळून दाजींवर मारले नसतील तेवढे गोल हिनं एकटीनं मारायला बघितले होते. ते गाठोडं आता वळचणीला खोचून ठेवलेलं होतं.

आता ती मैदानाकडं तोंड करून बसली. लिंबाखालच्या पोरींतली एक उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. मग दुसरी. पहिला गोल त्यांनी केला, जमिनीलगत, डावीकडून. नव्या गोलकीपरनं केसांवरून हात फिरवला. मग आम्ही फेडला. गाव उठून नाचलं, म्हाताऱ्यांच्या खाटा मोडल्या, कॅप्टन असा ओरडला की भोंग्याला लाज वाटली. आणि मी पाहिलं, पोरीचं तोंड उघडं होतं. आवाज नव्हता आला. पण उघडं होतं. शेजारच्या दोघी किंचाळत होत्या, ही मधे, तोंड उघडून. अजून एक गोल, मी मनात म्हटलं. अजून एकच, आणि बोंब फुटतेय.

तसं झालं नाही. सामना संपत आला आणि रेफ्रीनं आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. आमच्याच गोलावर, जिथं मेंढरं होती.

गायरान एकदम शांत झालं. त्यांचा एक दांडगा गडी बॉल ठेवून मागं सरकला. आमचा पोरगा गोलात उभा राहिला, हातमोजे एकमेकांवर आपटले, खाली वाकला. बस्स. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं आणि सगळ्या गावाला काहीतरी कमी पडत होतं. मला कळत होतं काय कमी पडतंय ते. कॅप्टननं वळून माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं त्यालाही तेच ऐकायचं होतं. मी नकला करतो हे गावाला माहीत आहे. तलाठ्याची करतो, एसटीच्या कंडक्टरची करतो. दाजींची मी कधी केली नव्हती. पण त्यांची हाक माझ्या गळ्यात होती. वर्षानुवर्षं मी त्या हाकेनंतर बोलायला सुरुवात करायचो, तिच्याशिवाय पेनल्टी सुरूच व्हायची नाही. माईक तोंडाशी होता. ती निघाली.

हिर्र्र हाऽऽ हाऽऽ.

भोंग्यातून ती साऱ्या गायरानावर गेली. मी चांगला नकलाकार आहे. असायला नको होतो.

माझं तोंड गोलाकडं होतं म्हणून मला दिसलं. सगळ्यात आधी पोरगी उठली. मेंढरं अजून खाली मान घालून होती, तेव्हा ती ताडकन उभी राहिलेली होती, मान लिंबाकडं. काठी हातातून पडली होती. शेजारच्या पोरींनी वर पाहिलं. मग मेंढरांनी माना उचलल्या. मग सगळी एकदम निघाली.

जाळी ताणली, खुंट्या उपटल्या, बांबू आडवे झाले, गोलकीपर बाजूला उडाला, आणि सगळा कळप गोलातून मैदानात आला. पेनल्टीच्या बॉलवरून, सेनगावच्या दांडग्याला वळसा घालून, रेफ्रीच्या अंगावरून. तो रेफ्री या वेळी खरा होता. गाव हसायला लागलं. का नाही हसणार? हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडले. मेंढरं धावत लिंबाखाली आली आणि थांबली. भोंग्याखाली गर्दी करून, माना वर करून उभी राहिली. म्हातारी मेंढी, कोकरं, सगळी. वर बघत.

तेव्हा हसणं थांबलं. एकदम नाही. कडेनं थांबत थांबत आलं. माईक माझ्या हातात चालू होता आणि गावात पहिल्यांदा त्यातून काही येत नव्हतं.

पोरगी मैदानातून चालत आली. पळाली नाही. माझ्याकडं पाहिलं नाही, भोंग्याकडं तर नाहीच. म्हाताऱ्या मेंढीच्या मानेवर हात ठेवून तिनं तिला वळवलं, बाकीची वळली. तिथंच लिंबाच्या सावलीत तिनं सगळी धरून ठेवली.

बांबू पुन्हा उभे केले, जाळी नुसती गोलाला बांधली, पेनल्टी झाली. हाक कुणी घातली नाही. बॉल जमिनीलगत, डावीकडून आत गेला. हरलो. मी माईक बंद केला होता. लोकांनी आपलं आपण बघून घेतलं.

घरी जाताना जीप तिथंच सोडली. वाघर मी खांद्यावर घेतली. ती एवढी जड असते हे मला माहीत नव्हतं, दाजी ती टॉवेलासारखी टाकायचे. पुढं मेंढरं, मधे ती, मागं मी. थोडं चालल्यावर ती मागं न बघता म्हणाली, "डाव्या अंगाला उशिरा पडतंय ते."

मी म्हटलं, कोण?

"नवा गोलकीपर. दोन्ही बार."

एरवी या एका वाक्यावर मी गावजेवण घातलं असतं. मी म्हणालो, तू सांग की त्याला पुढल्या बारीला. मागं राहिलेल्या कोकराला तिनं पुढं लोटलं. मग थोड्या वेळानं म्हणाली, बाबा हाक घालायचे तेव्हा घरी मेंढरं रोजच अशी उठायची. घरापर्यंत ऐकू यायची ना हाक. उठायची आणि गायरानाकडं ओढ घ्यायची. म्हणून तर मी बसायची धरून.

इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की पोरगी जाळीच्या बदल्यात बसते. मी वाघर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

अंगणात बहिणीनं दिवा लावला होता. मी आणि पोरीनं मिळून खुंट्यांना जाळी बांधली. माझ्या गाठी सुटत होत्या, ती मागून येऊन पुन्हा मारत होती. बहीण ओट्यावर बसून बघत होती. तिनंही घरातून भोंगा ऐकला होता. काय झालं गायरानात, तिनं विचारलं. मी सवयीनं सुरू केलं, की अगं काय सांगू, सेनगाववाले असे घाबरले, आणि तिथंच मला पुढचं सापडेना.

"मग?" बहीण म्हणाली.

मी म्हणालो, "मी त्यांच्यावानी हाक घातली. मेंढरं आली."

बहिणीनं मान डोलावली. मग पोरीला जवळ बोलावलं, तिच्या केसांतलं वाळलं गवत काढलं आणि हळूच विचारलं, "तुला वाटलं व्हय गं, बाबा आले म्हणून?"

पोरगी म्हणाली, "मला काहून वाटंल? मेंढरायला वाटलं."